रेडियमच्या मापाची कथा

नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, आग्नेय टोकास जामखेड तालुका आहे. खर्ड्याचा किल्ला मागे टाकून पुढे निघाले म्हणजे जिल्ह्याची हद्द संपते व भूम-परांड्याचा मुलूख लागतो, त्याच्यापलीकडे बार्शी. शाळेच्या पुस्तकातून हा टापू माहीत असतो तो १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईमुळे. पण गेल्या चार दशकांत या भागास दुसऱ्याच एका लढाईने वेगळे महत्त्व आले आहे. १९८२ साली बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८७ मध्ये बार्शी, परांडे व भूम या तीन तालुक्यांतील गावोगावच्या कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात टाटा रुग्णालय व बार्शीचे डॉ. भगवान नेने यांच्या सहकार्याने एक लाख एकतीस हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरतात, असा तिचा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला.

या पाहणीची कीर्ती झाली, व ती योग्यच झाली. परंतु ज्या स्त्रियांचा रोग पुढे गेलेला आढळतो त्यांचे पुढे काय होते, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. त्यांस बार्शीस, पुण्यास किंवा मुंबईस जावे लागते. तेथे प्रथम पाच-सहा आठवडे बाहेरून किरण दिले जातात. त्यानंतर किरण सोडणारा धातूचा एक कण, साळीच्या दाण्याहूनही बारीक, शरीराच्या आत रोगाच्या अगदी शेजारी नेऊन काही मिनिटे ठेवतात व परत काढून घेतात. या दुसऱ्या उपचारास ब्रॅकीथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ब्रॅकिस’ म्हणजे आखूड, जवळचा. हे नाव स्वीडनचे डॉ. फोर्सेल यांनी १९३१ मध्ये सुचविले. तो कण काही मिनिटे ठेवावयाचा. पण नेमकी किती? कमी झाली तर रोग उलटतो. जास्त झाली तर शेजारीच असलेले मूत्राशय व आतडे होरपळते, आणि बाई रोगातून सुटून उपचाराच्या हाती सापडते. या मिनिटांचा हिशेब ज्या एका आकड्यावरून होतो, तो आकडा कसा जन्मास आला, कितीदा चुकला व कसा सुधारला, त्याची ही हकीकत आहे.

प्रारंभ पॅरिसला झाला. १८९८ च्या डिसेंबरात क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला. १९०१ मध्ये बेकरेल यांनी रेडियमची एक नळी जाकिटाच्या खिशात घालून नेली, आणि काही दिवसांनी खिशाखालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली. पिएर क्यूरी यांनी मुद्दाम आपल्या दंडावर तोच प्रयोग करून पाहिला. जे निरोगी कातडी जाळते ते रोगट कातडीही जाळील, या साध्या तर्काने त्याच वर्षी सेंट लुई रुग्णालयातील डॉ. दांलो यांनी क्यूरींकडून थोडे रेडियम उसने घेतले. उपचार सुरू झाले, पण मापच नव्हते. एका डॉक्टरचे रेडियम शुद्ध, दुसऱ्याचे बेरियम मिसळलेले. एकाची नळी काचेची, दुसऱ्याची प्लॅटिनमची. आमच्याकडे पूर्वी गावोगावचा शेर निराळा असे, आणि एका बाजारात घेतलेले दहा शेर धान्य दुसऱ्या बाजारात नऊ किंवा अकरा शेर भरे. तोच प्रकार येथे होता. फरक इतकाच, की धान्य कमी भरले तर व्यापाऱ्याशी भांडता येते.

१९१० मध्ये ब्रुसेल्स येथील परिषदेने हा गोंधळ मिटविण्याचे ठरविले. मेरी क्यूरी यांनी २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड एका काचेच्या नळीत बंद केले, आणि १९११ चे ते प्रमाण सेव्र येथे, जेथे जगाचा मीटर व किलोग्रॅम जपून ठेवलेला होता, तेथे नेऊन ठेवले. व्हिएन्नात स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रमाणाशी ते ताडून पाहण्यात आले व दोन्ही जुळली. त्यानंतर निरनिराळ्या देशांस त्यांच्या दुय्यम प्रती मिळाल्या. येथपासून रेडियमला माप आले. १६०० वर्षांनी जो पदार्थ निम्मा होतो, त्याच्या नळीवर एकदा कोरलेला मिलिग्रॅमचा आकडा डॉक्टरच्या हयातीत बदलण्याचे कारणच नव्हते.

मात्र किती रेडियम आहे हे कळले, म्हणजे रोग्यास किती मिळाले हे कळले असे होत नाही. पहिल्या पिढीतील डॉक्टर मिलिग्रॅमला तासांनी गुणीत: पन्नास मिलिग्रॅम रेडियम शंभर तास ठेवले, तर पाच हजार मिलिग्रॅम-तास. स्टॉकहोमला थोडा वेळ पण जोरकस, पॅरिसला सौम्य पण दीर्घकाळ, असे दोन पंथ पडले व दोघांनी आपापल्या परीने चांगले रोगी बरे केले. पण गुणाकार तोच ठेवून नळ्या जवळ-जवळ मांडल्या काय किंवा पसरून मांडल्या काय, शरीरास मिळणारी मात्रा अगदी निराळी होते. देवघरात दहा समया एका कोपऱ्यात लावल्या काय अन् भिंतीभोवती लावल्या काय, तेल तितकेच जळते. पोथीच्या पानावर पडणारा उजेड मात्र सारखा नसतो.

स्वीडनचे रॉल्फ सीव्हर्ट हे पदार्थवैज्ञानिक. त्यांनी १९२१ मध्ये रेडियमची नळी ही बिंदू नसून रेषा आहे, तिच्या प्रत्येक तुकड्याचे किरण आवरणातून तिरपे जाताना अधिक जाडी पार करतात, हे गणितात मांडले. ते कलनसूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यापुढचे पाऊल मँचेस्टरला पडले. राल्स्टन पॅटर्सन हे डॉक्टर आणि हर्बर्ट पार्कर हे पदार्थवैज्ञानिक यांनी १९३४ व १९३८ साली रेडियम कसे मांडावे याचे नियम आणि त्याबरोबर कोष्टके दिली. गर्भाशयमुखाकरिता टॉड व मेरेडिथ यांनी १९३८ मध्ये शरीरातील एक ठरीव बिंदू निवडला. तो ‘ए’ बिंदू आजही या शास्त्रातील माणसांच्या रोजच्या बोलण्यात असतो. ही कोष्टके जगभर वापरली गेली. त्यांच्या मुळाशी एक आकडा होता: एक मिलिग्रॅम रेडियम अर्ध्या मिलिमीटर प्लॅटिनमच्या आवरणातून एक सेंटीमीटर अंतरावर तासाला ८.४ रोंटजेन देते. पुढे अधिक काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा तो ८.२५ निघाला, म्हणजे पावणेदोन टक्क्यांची चूक. त्यात हवेतील मापावरून शरीरातील मात्रेकडे जाताना होणारी आणखी चार टक्क्यांची घट मिळविली, तर मँचेस्टरच्या कोष्टकातील ‘हजार’ हा खऱ्या अर्थाने हजार नव्हताच. रोगी मात्र त्या ‘हजारा’नेच बरे होत होते, म्हणून पुढच्या पिढीने आकडा दुरुस्त केला, पण उपचार पूर्वीचाच ठेवला. हे भान फार महत्त्वाचे आहे. नाव बदलले म्हणून औषध वाढवावयाचे नसते.

महाराष्ट्रात हे शास्त्र आले ते एका दुःखातून. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दुसऱ्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. महायुद्ध पेटलेले होते. अशा वेळी तेथे किरणोपचाराची व्यवस्था लावण्याचे काम रामय्या नायडू यांच्याकडे आले. ते डॉक्टर नव्हते. मेरी क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत शिकलेले पदार्थवैज्ञानिक होते. रुग्णालयात रोगी न तपासणारा, केवळ मोजणारा मनुष्य कशास हवा, हे समजावयास आपल्याकडे पुढे बरीच वर्षे लागली. हे रुग्णालय १९६२ मध्ये अणुशक्ती खात्याकडे गेले. वरवर पाहता हा सरकारी फेरफार वाटतो, परंतु त्यामुळे परळचे रुग्णालय आणि ट्रॉम्बेची प्रयोगशाळा एका घरातील झाली. ट्रॉम्बेस १९५६ च्या ऑगस्टमध्ये अप्सरा आणि १९६० मध्ये सायरस या अणुभट्ट्या चालू झालेल्या होत्या, आणि १९६२ पासूनच तेथे रुग्णालयांसाठी किरणभौतिकी शिकविण्याचा वर्ग सुरू झाला. जिल्ह्याच्या गावी आज किरणोपचार चालतो तेथे हिशेब करणारा जो भौतिकीतज्ज्ञ असतो, त्याची शिक्षणपरंपरा बहुधा या वर्गापर्यंत जाऊन पोहोचते.

अणुभट्ट्यांनी रेडियमचे राज्य संपविले. रेडियमची नळी फुटली किंवा झिरपली तर तिच्यातून विषारी रेडॉन वायू बाहेर येई. आणि नळ्या हाताने बसविताना डॉक्टर व परिचारिका यांस रोज थोडे थोडे किरण सोसावे लागत. त्याऐवजी आधी रिकाम्या नळ्या बसवावयाच्या व मागाहून दुरून, यंत्राने, किरणांचा कण आत सरकवावयाचा, ही रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. कण कोबाल्टचा, सिझियमचा किंवा इरिडियमचा असे. यांपैकी इरिडियम १९२ फार सोयीचे ठरले. साडेतीन मिलिमीटर लांब व अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाड तुकड्यात दहा क्यूरी सामर्थ्य मावते, म्हणून तासांचा उपचार मिनिटांवर आला.

परंतु येथे जुनी निश्चिंती गेली. रेडियमवर आकडा एकदा कोरला की संपले. इरिडियम अवघ्या ७३.८ दिवसांत निम्मे होते. नवा कण आल्या दिवशी ज्या स्त्रीस सहा मिनिटे पुरतात, तिच्या शेजारणीस अडीच महिन्यांनी बारा मिनिटे लागतात. समजा, गणकयंत्रात तारीख लिहिताना एका महिन्याची चूक झाली, आणि महिनाभर जुना झालेला कण नवा समजून वापरला गेला. तर रोग्यास चौथा हिस्सा किरण कमी मिळतील. रोग्यास ते कळत नाही, डॉक्टरास ते डोळ्यांनी दिसत नाही. कळते ते वर्ष-दोन वर्षांनी, रोग परत आला म्हणजे. त्या दिवशी टेबलावर जी स्त्री होती तिला पुन्हा तोच उपचार देता येतोच असे नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. कणावर ‘इतके क्यूरी’ असे लिहिलेले असते; पण क्यूरी म्हणजे आत किती अणू फुटतात त्याची गणती. त्यांतील काही किरण कणातच मुरतात, काही आवरणात अडतात. आत किती आहे यापेक्षा बाहेर किती येते हे रोग्याच्या कामाचे. विक्रेता बाहेर आलेले किरण मोजी, त्यास एका स्थिरांकाने भागून क्यूरीचा आकडा लिही. रुग्णालयातील गणकयंत्र त्या क्यूरीस पुन्हा स्थिरांकाने गुणून किरण काढी. दोघांचा स्थिरांक एकच असेल तर काही बिघडत नाही. पण तो ग्रंथपरत्वे वेगळा होता, आणि वेगळा असला की हिशेब निष्कारण चुके. जणू एकाने मण लिहिताना चाळीस शेरांचा धरला, दुसऱ्याने वाचताना बेचाळीस शेरांचा. म्हणून १९८५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीने व नंतर १९९५ च्या अमेरिकन समितीने ‘क्यूरी’ बाजूस ठेवून, कणापासून ठराविक अंतरावर हवेत प्रत्यक्ष किती ऊर्जा मिळते त्यावरूनच कणाचे सामर्थ्य सांगावे, असे ठरविले. ज्याच्याशी काम आहे तेच मोजावे, इतकी ही साधी गोष्ट. ती सार्वत्रिक व्हावयास जवळजवळ शंभर वर्षे गेली.

या १९९५ च्या पद्धतीत प्रत्येक जातीच्या कणाची एक जन्मपत्रिका तयार केली जाते. एक एकक सामर्थ्यास एक सेंटीमीटरवर पाण्यात किती मात्रा मिळते, दूर जाताना ती कशी घटते, आणि कणाच्या टोकाकडे व कुशीकडे ती किती निराळी असते, हे तीन मुद्दे तिच्यात येतात. ही माहिती मिळविणे सोपे नाही. एक सेंटीमीटरच्या अंतरात एक मिलिमीटरने मोजपट्टी सरकली तरी मात्रा सतरा टक्क्यांनी बदलते. इतक्या जवळ मापनयंत्र धरणेच कठीण. तेथे एक विलक्षण गणित मदतीस आले. १९४६ मध्ये दुखण्यातून उठत असताना स्टॅनिस्लाव्ह उलाम यांस पत्त्यांचा डाव मांडताना अशी कल्पना सुचली, की डाव लागण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शेकडो डाव मांडून मोजणे सोपे. फॉन नॉयमान यांनी ती गणकयंत्रावर नेली, आणि जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लो या गावाचे नाव तिला मिळाले. कणातून निघालेला एकेक किरण घ्यावयाचा. तो कोणत्या दिशेस जाईल, कोठे आदळेल, किती ऊर्जा टाकील, हे प्रत्येक वेळी जणू कवड्या टाकून ठरवावयाचे. आणि असे कोट्यवधी किरण चालवून शेवटी कोठे किती ऊर्जा साठली ते मोजावयाचे. चूक निम्मी करावयाची तर किरण चौपट लागतात, पण गणकयंत्र थकत नाही.

धोकाही येथेच आहे. गणकयंत्राने उत्तर तीन-चार दशांश स्थळांपर्यंत दिले की ते खरेच वाटते. वस्तुतः त्यास आपण जो कण सांगितला त्याचेच ते उत्तर असते. आवरण प्रत्यक्षाहून पातळ सांगितले, आतील तार मधोमध नसून एका टोकाकडे सरकलेली असते हे सांगितलेच नाही, तर उत्तर नेटकेपणे चूक येते. अमेरिकेत आयोडिन १२५ च्या दाण्यांचे असेच झाले. या दाण्यांचे आवरण टायटॅनियमचे असते, आणि त्या टायटॅनियममधून फार दुबळे असे क्ष-किरण निघतात. ते हवेतील मापनयंत्रात पोहोचत, शरीरात मात्र मिलिमीटरभरही धड जात नसत. १९८५ च्या प्रमाणात ते सामर्थ्यात धरले गेले होते. १९९९ मध्ये प्रमाण सुधारून ते गाळले, तेव्हा त्याच दाण्याचे सामर्थ्य कागदावर दहा टक्क्यांनी घटले. दाणा तोच होता. त्यापूर्वी, १९९५ च्या पद्धतीनेही ज्या उपचारास डॉक्टर १६० ग्रे म्हणत होते, त्यास १४४ म्हणावयास लावले होते. जुन्या पिढीतील एखाद्याने नव्या दाण्यांवर जुनाच १६० चा आकडा चालविला असता, तर त्याच्या रोग्यास नकळत नवव्या हिश्श्याने अधिक मिळाले असते; मँचेस्टरचीच हकीकत, फक्त अधिक धारदार.

ट्रॉम्बेचे शास्त्रज्ञ स्वतःचा आयोडिनचा दाणा करावयास बसले तेव्हा हा सारा इतिहास त्यांच्यापुढे होता. पावणेपाच मिलिमीटर लांबीचा तो दाणा: आत तीन मिलिमीटरची चांदीची तार, तिच्यावर आयोडिन, बाहेर टायटॅनियमची कातडीसारखी पातळ नळी. चांदीही स्वतःचे क्ष-किरण सोडते, तेही हिशेबात धरावे लागतात. परदेशी दाण्याची पत्रिका आपल्या दाण्यास लावून चालत नाही, म्हणून त्याची पत्रिका ट्रॉम्बेसच माँटे कार्लो पद्धतीने मांडण्यात आली. हे दाणे डोळ्यांतील गाठींवर वापरले गेले, व त्यांचा उपयोग चेन्नईच्या शंकर नेत्रालयात झाला. डोळ्यावर दाणे सोन्याच्या वाटीत बसवितात. नेहमीचा हिशेब मात्र सभोवती पाणीच पाणी आहे असे धरून चालतो. सोन्याची वाटी त्याच्या ध्यानात नसते. ती धरली की मात्रा दहा टक्क्यांच्या आसपास कमी भरते. गर्भाशयमुखाच्या बाबतीत, इरिडियमचे जोरकस किरण आणि सभोवती बहुतांशी पाण्यासारखेच शरीर, यामुळे पाण्याचा हिशेब पुष्कळ बरा पडतो, ही जामखेडच्या किंवा बार्शीच्या स्त्रीच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट.

तरीही पत्रिका कितीही चोख असो, कणाचे आजचे सामर्थ्य रुग्णालयातच मोजावे लागते. त्यासाठी जे पात्र वापरतात त्यास विहिरीच्या आकाराचे म्हणतात, व ते तसेच असते: सभोवती हवा, मध्ये खोल पोकळी, आणि त्या पोकळीत दोरीस बांधलेल्या पोहऱ्याप्रमाणे नळीतून कण सोडावयाचा. हे पात्र स्वतः बरोबर मोजते की नाही, हे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रमाणाशी ताडून पाहिले जाते. ती प्रयोगशाळा १९७६ पासून जागतिक संघटनांच्या प्रमाण-प्रयोगशाळांच्या साखळीत आहे. सेव्रची ती काचेची नळी आज मापाचे काम करीत नाही, पण तिने घालून दिलेली रीत, म्हणजे प्रत्येक मापाने आपल्याहून श्रेष्ठ मापाशी नाते सांगावयाचे, ती या साखळीत शिल्लक आहे. लहान गावातील रुग्णालयांनी अलीकडे इरिडियमऐवजी कोबाल्ट ६० चा बारीक कण घेण्याकडे पाहण्याचे एक कारणही मापाचेच आहे. तो निम्मा व्हावयास सव्वापाच वर्षे लागतात; दर तीन-चार महिन्यांनी नवा कण, नवा खर्च व नवी मोजणी हा व्याप वाचतो. मात्र एकदा चुकीने लिहिलेला आकडा पाच वर्षे तसाच राहण्याची भीतीही त्याबरोबर येते, ती विसरली जाते.

इरिडियमचा नवा कण शिशाच्या जड डब्यात बंद होऊन रुग्णालयात येतो. सोबत विक्रेत्याचा दाखला असतो. त्यावर सामर्थ्य, दिवस व तास लिहिलेले असतात. भौतिकीतज्ज्ञ तो दाखला बाजूस ठेवून कण विहिरीत सोडतो, त्या दिवसाचे तापमान व हवेचा दाब टिपतो, जास्तीत जास्त प्रवाह कोठे मिळतो ते मिलिमीटर-मिलिमीटरने पाहतो आणि आपला आकडा काढतो. तो दाखल्याशी तीन ते पाच टक्क्यांच्या आत जुळला तर गणकयंत्रात जातो. न जुळल्यास बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना उद्या या म्हणून सांगण्यात येते, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.